रुपया कुणाचा?

शेतखात्यात कृषी सहायक म्हणून माझी नोकरी झाली. त्यामुळे ‘अमुक गावांची पैसेवारी ५० पैशांच्या आत’ अशी बातमी वाचली की मला त्या ५० पैशांपेक्षा रुपयाची उत्सुकता जास्त असते. कोणत्या रुपयातले ५० पैसे? बातमीदार ते विचारत नाही. विचारले तरी कचेरीत चटकन सांगणारा भेटेलच असे नाही.

हा रुपया पिकाचा. १९५७ साली दशमान नाणी येईपर्यंत तो सोळा आण्यांचा होता आणि हिशेबाला आणेवारी म्हणत. नाणे बदलले तशी आणेवारीची पैसेवारी झाली, रीत तीच राहिली. यंदाचे पीक चांगल्या पिकाच्या मानाने किती, एवढाच प्रश्न. इंग्रजी अमलात गावकामगाराने बांधावरून नजर टाकावी, चार जणांशी बोलावे आणि आकडा लिहावा. सारा तहकूब होणार की नाही, ते त्यावर ठरे. म्हणजे ज्या खात्याने सारा वसूल करायचा, त्याच खात्याने पीक बुडाल्याचा दाखला द्यायचा! गावाचेही म्हणणे निर्मळच असे, असे नाही. सारा वाचतोय म्हटल्यावर कुणाचे पीक बरे असते? पण गावाच्या तोंडच्या आकड्याला कागदावर जागा नव्हती.

खरी मौज सोळा आण्यांत होती. ‘नेहमीचे पीक’ म्हणजे काय, याची सरकारी व्याख्या अशी की जे मिळाले असता कुणबी समाधानी असतो, जास्त आले तर त्याने आनंद मानावा आणि कमी आले तर तक्रार करावी, ते. ही व्याख्या लिहिणारा साहेब आमच्या खटाव तालुक्यात कधी आला नसावा. भरल्या खळ्यावर उभे राहूनही तक्रार करणारे शेतकरी मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांचे फारसे चुकत होते असे वाटत नाही. शिवाय काही प्रांतांत बारा आणे म्हणजे नेहमीचे पीक आणि सोळा म्हणजे भरघोस. काही ठिकाणी सोळा आणे हेच नेहमीचे. नऊ आणे पीक पहिल्या हिशेबाने ७५ टक्के, दुसऱ्याने ५६. रान तेच, कणसे तीच.

या आकड्याचा सगळ्यांत गाजलेला झगडा १९१८ चा, खेडा जिल्ह्यातला. खेडा तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता. आदल्या पावसाळ्यात अतिवृष्टीने पिके गेली होती. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब करावा, असा नियमच होता. सरकार म्हणे पीक चार आण्यांच्या वर. पाटीदार शेतकरी म्हणत, आत. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, नारायण मल्हार जोशी आणि अमृतलाल ठक्कर तिथे पाहणीला गेले. गांधींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही गावोगाव फिरून चौकशी केली. लोकांची मागणी साधी होती: पंच नेमा आणि पीक तपासा. सरकारला ती आगाऊपणाची वाटली. मार्चमध्ये सत्याग्रह सुरू झाला, जप्त्या झाल्या, आणि जूनमध्ये ऐपत असलेल्यांनी सारा भरावा, गरिबांचा तहकूब व्हावा, अशी तडजोड निघाली. पीक नेमके किती आणे होते, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य होईल असे कुणीच मोजले नाही. तसे मोजण्याची रीतच नव्हती.

ती रीत बसवणाऱ्यांत एक जण आमच्या तालुक्यातला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि १९४० च्या दशकात त्यांनी व विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. गाव चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे, गावातले शेतही तसेच. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावले आत जायचे, तेही अंकांच्या कोष्टकाने सांगायचे. तिथे दोरी लावायची, आतले पीक कापायचे, मळायचे, वाळवायचे, तोलायचे. या मोजणीत बांधावरच्या नजरेला काम उरले नाही.

दोरीचे मापही त्यांनी वादात घातले. बंगालात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस अगदी लहान तुकडे कापून पाहत होते. सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगते. यातले गणित नंतर, आधी माणूस पाहा. शाळवाचे ताट नेमके दोरीवर आले, की मजुराचा हात ते आतच ओढतो. सोडायचे कसे, एवढे टपोरे कणीस! एक चौरस मीटरच्या तुकड्याला चार मीटर कड. आमचा १० बाय ५ मीटरचा प्लॉट ५० चौरस मीटरचा, त्याला ३० मीटर. जागेच्या मानाने लहान तुकड्याची कड जवळपास सातपट, आणि लबाडी सगळी कडेवर. मी प्रत्येक ताटाचा बुंधा वाकून बघायचो. लोक हसायचे.

या रीतीने अंश सुधारला. छेद, म्हणजे ज्याच्याशी यंदाचे पीक ताडायचे तो आकडा, तसाच राहिला. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली आली, तिच्यात उंबरठा उत्पन्न असते: गेल्या सात वर्षांतल्या पाच चांगल्या वर्षांची सरासरी, गुणिले जोखीमस्तर. समजा पाच वर्षे हेक्टरी १० क्विंटल आले आणि दोन वर्षे ४. चांगल्या पाचांची सरासरी १०, जोखीमस्तर ७० टक्के धरला तर उंबरठा ७. यंदा साडेपाच आले तर भरपाई मिळते. आता समजा दुष्काळ लांबला: तीन वर्षे १० ची, चार वर्षे ४ ची. सरासरी ७.६ होते आणि उंबरठा ५.३२. तेच साडेपाच क्विंटल, आणि भरपाई शून्य. जितकी वर्षे जास्त बुडाली, तितके बुडणे अवघड.

दरवर्षी गावात भांडण होई ते प्लॉटवरून. दोरी इकडे का लावली, चांगल्या रानात का घुसलात, वजनाचा काटा बरोबर आहे का. एका वर्षी मला वरून सुचवले गेले की जरा भरलेले रान बघा. नैऋत्य कोपरा आणि कोष्टक हातात असल्याने मला नाही म्हणता आले. पण उंबरठ्याचा आकडा हंगामाआधीच ठरलेला असे, आणि तो काढायला वापरलेली सात वर्षे कोणती, हे विचारायला माझ्या नोकरीत एकही शेतकरी कधी आला नाही.