शंका कोणाची, भुर्दंड कोणाला?

श्रोतेहो, पृथ्वी खरोखरच तापत आहे काय, आणि तापत असेल तर कोळसा व तेल सोडण्याचा खर्च मनुष्यजातीला झेपेल काय, हे दोन प्रश्न हल्ली एकाच दमात विचारले जातात. विचारणारा पहिल्या प्रश्नाने सुरुवात करतो आणि बहुधा दुसऱ्यावर येऊन थांबतो. वस्तुतः पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, दुसरा घरखर्चाचा. पहिल्याचे उत्तर मोजमापाने मिळते, दुसऱ्याचे वाटणीने. वाटणीचे भांडण मोजमापाच्या आखाड्यात नेऊन लढविले म्हणजे सत्यही मळते आणि वाटणीही होत नाही, एवढेच आज आम्हांस इतिहासाच्या आधारे मांडावयाचे आहे. या इतिहासाचे मुख्य स्थळ इंग्लंड. कोळशाच्या जोरावर वर आलेले पहिले राष्ट्र तेच. आणि सात बड्या औद्योगिक राष्ट्रांच्या गटात कोळशाची वीज पुरती बंद करणारे पहिले राष्ट्रही तेच.

प्रथम शंकेचा इतिहास पाहू. हवेतील काही वायू उष्णता अडवून धरतात, हे जॉन टिंडल यांनी १८५९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगाने दाखविले. पुढे १८९६ साली स्वीडनच्या स्वान्ते अर्‍हेनियस यांनी हिशेब मांडला, की हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू दुप्पट झाला तर पृथ्वीचे सरासरी तपमान पाच-सहा अंशांनी वाढेल. गंमत अशी, की या गृहस्थांना त्याची भीती वाटली नाही. थंडीने गारठलेल्या देशांना थोडी ऊब मिळाली तर बरेच होईल, असे त्यांचे मत होते.

या हिशेबावर लगेच आक्षेप आला. क्नुट अंगस्ट्रोम यांनी १९०० साली प्रयोगाच्या आधारे असे म्हटले, की हा वायू जेवढी उष्णता अडवू शकतो तेवढी आजच अडवून बसला आहे. त्यात आणखी भर पडल्याने विशेष फरक होणार नाही. आक्षेप बिनतोड वाटला आणि पुढे कित्येक वर्षे हा विषय मागे पडला. १९३८ साली गाय कॅलेंडर नावाच्या एका इंग्रज इंजिनियराने तो पुन्हा उकरून काढला. वाफेच्या यंत्रांचा हा जाणकार हवामानशास्त्राचा केवळ हौशी अभ्यासक होता. जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी जमवून त्याने रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे निबंध वाचला, की पृथ्वी तापत आहे आणि त्यात कोळशाचा हात आहे. सभेतील शास्त्रज्ञांना ते पटले नाही. सर जॉर्ज सिम्पसन हे त्यांतले एक. हे सिम्पसन तरुणपणी सिमल्यास आपल्या हिंदुस्थानच्या हवामान खात्यात नोकरीस होते. केवळ उष्णतेच्या किरणांचा हिशेब करून भागत नाही, हवेच्या हालचालीही विचारात घ्याव्या लागतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

या मंडळींना कोणी मूर्ख किंवा विकले गेलेले म्हणेल काय? आमच्या मते मुळीच नाही. त्यांची शंका विज्ञानाला उपकारकच ठरली. अंगस्ट्रोम यांच्या आक्षेपाचे उत्तर शोधता शोधताच कळले, की जमिनीलगतच्या दाट हवेपुरते पाहून चालत नाही. वरच्या विरळ व कोरड्या थरांत उष्णता अडविण्यास अजून जागा आहे, आणि खरा परिणाम तेथेच घडतो. गिल्बर्ट प्लास यांनी १९५६ च्या सुमारास गणकयंत्राच्या साहाय्याने हे हिशेब नव्याने केले. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ या पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली. त्या वेळी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. येणेप्रमाणे प्रामाणिक शंकेला मोजमापाने उत्तर मिळाले आणि ती शांत झाली. शंकेने असेच वागावयाचे असते.

परंतु दुसऱ्या जातीची एक शंका आहे, ती उत्तर मिळाले तरी शांत होत नाही. १९८९ साली अमेरिकेत तेल, कोळसा, मोटारी इत्यादी धंद्यांतील मंडळींनी ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ नावाचा संघ काढला. विज्ञान अजून अनिश्चित आहे, हे लोकांच्या मनावर ठसविणे हा त्याचा एक मोठा उद्योग. १९९५ साली त्याच संघाच्या तांत्रिक सल्लागारांनी आपल्या मालकांसाठी जो मसुदा केला त्यात, हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया पक्का असून तो नाकारता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले होते. घरात एक आणि बाजारात एक, असा हा व्यवहार. उलट १९९७ च्या जुलैत अमेरिकन सीनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी जो ठराव केला तो पाहा. ज्या कराराने आमच्या अर्थव्यवस्थेस गंभीर धक्का बसेल, किंवा ज्यात विकसनशील देशांवर बंधन नसेल, तो करार आम्हांस नको, असे त्यात सांगितले होते. ठराव स्वार्थी होता, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यात निदान खिशाची गोष्ट खिशाच्याच नावाने सांगितली होती. अशा माणसाशी घासाघीस करता येते; विज्ञानाचा बुरखा पांघरलेल्या खिशाशी ती करता येत नाही.

आता किमतीचा इतिहास. १९५२ सालच्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखांच्या दरम्यान, लंडन शहर धुरक्यात बुडाले. लक्षावधी घरांतील कोळशाच्या शेगड्या, गिरण्या आणि वीजकेंद्रे यांचा धूर थंड हवेखाली कोंडला गेला. त्या धुरक्याने सुमारे चार हजार माणसे दगावली, असा प्रथमचा अंदाज. पुढील संशोधकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. येथेही आधी शंका आलीच! पुढच्या महिन्यांतील जादा मृत्यूंचा दोष सरकारी अहवालात इन्फ्लुएन्झाकडे गेला. सरकार चालढकल करीत होते, कारण नवा कायदा म्हणजे नवा खर्च. शिवाय घरातली उघडी शेगडी हा इंग्रज माणसाच्या जिव्हाळ्याचा विषय. असे असूनही १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि अमलातही आला. आमच्या मते याचे मोठे श्रेय त्यातील एका रुक्ष कलमाला आहे. धूरबंदीच्या भागात ज्याला शेगडी बदलावी लागेल, त्याच्या वाजवी खर्चाचे दहापैकी सात भाग सार्वजनिक तिजोरीतून परत मिळतील, असे ते कलम होते. लंडनकराला धूर वाईट असतो हे कोणी समजावून सांगावयास नको होते. शेगडीचे पैसे कोण देणार, हे सांगावयास हवे होते. ते सांगितल्यावर वाद संपला.

हेच इंग्लंड तीस वर्षांनंतर हा धडा विसरले. १९१३ साली त्या देशाच्या खाणींतून सुमारे २८ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला होता आणि दहा लाखांहून अधिक माणसे त्यात राबत होती. पुढे खाणी तोट्यात जाऊ लागल्या. १९८४ च्या मार्चमध्ये, वीस खाणी बंद करून वीस हजार माणसे कमी करण्याच्या बेतावरून संप सुरू झाला. तो वर्षभर चालला आणि १९८५ च्या मार्चमध्ये कामगार हरून परतले. त्यानंतरच्या दहा वर्षांत खाणी मूठभरच उरल्या. कारण हवामानाचे नव्हते, नफ्यातोट्याचे होते. पण परिणाम एकच. यॉर्कशायर, डरहम आणि साउथ वेल्समधील जी गावे खाणीभोवतीच वसली होती, त्यांच्या पायाखालची जमीन गेली. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. संप मोडणाऱ्या त्याच पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८८ च्या सप्टेंबरात रॉयल सोसायटीपुढे पृथ्वी तापण्याचा इशारा दिला. इशारा खरा होता. पण उजाड झालेल्या खाणगावात तो कसा ऐकू आला असेल, याची कल्पना करून पाहावी.

याच्या शेजारी जर्मनीचा रूर प्रांत ठेवून पाहू. १९५७ साली पश्चिम जर्मनीच्या कोळसा-खाणींत सुमारे सहा लाख माणसे होती. १९५८ पासून मंदी आली. तेथे सरकार, मालक व कामगार-संघ यांनी एकत्र बसून माघार आखली. १९६८ साली बहुतेक खाणी एका कंपनीखाली आणल्या. वयस्करांना लवकर निवृत्तिवेतन, तरुणांना दुसरे शिक्षण, आणि ज्या बोखुममध्ये पूर्वी विद्यापीठ नव्हते तेथे १९६५ साली विद्यापीठ सुरू झाले. २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोप येथील शेवटच्या खाणीतला अखेरचा कोळसा राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला गेला. ही माघार साठ वर्षे चालली आणि तिच्या अनुदानापायी अलोट पैसा गेला. रूरमधील गेल्सेनकिर्खेनसारख्या गावात बेकारी अजूनही आहे, आणि जर्मनी तपकिरी कोळसा अजून जाळीतच आहे. तेव्हा हा स्वर्ग नव्हे. पण माणसे रस्त्यावर फेकली गेली नाहीत, एवढा फरक लहान नाही.

इंग्लंडातील शेवटचे कोळसा-वीजकेंद्र रॅटक्लिफ येथे ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. १८८२ साली लंडनच्या हॉबर्न व्हायाडक्टपाशी जे सुरू झाले ते १४२ वर्षांनी संपले. वीज मात्र चालूच राहिली. खर्चाचे आकडे स्थिर नसतात, हेही येथे ध्यानात घ्यावे. २०१० नंतरच्या एका दशकात सूर्यविजेच्या फलकांची किंमत सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरली. म्हणून ‘झेपणार नाही’ हे वाक्य कोणी उच्चारले तर ते कोणत्या सालच्या भावाने, हे विचारून घ्यावे.

हे सारे परक्या देशांचे पुराण नव्हे. आपल्या घरातील दिव्याची बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ येथील कोळशावरच चालते; वर्धा खोऱ्यातील खाणींवर गावेच्या गावे जगतात. दरडोई हिशेबाने भारताचा धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. तेव्हा ‘भुर्दंड आम्हीच का सोसावा?’ हा आपला प्रश्न न्याय्य आहे आणि तो जगाच्या सभेत ठणकावून विचारला पाहिजे. पण त्यासाठी पृथ्वी तापतच नाही असे म्हणण्याची गरज नाही. किंबहुना ती तापते म्हणूनच आपल्या तक्रारीला वजन आहे. आणि जी तक्रार आपण जगापुढे मांडतो, तीच उद्या घुग्घुस-बल्लारपूरचा खाणकामगार आपल्यापुढे मांडील, हेही विसरू नये. २०२१ साली ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत आपला निव्वळ धूर शून्यावर आणण्याचे वचन दिले. आज खाणीवर नव्याने लागलेला तरुण त्याच्या आधीच निवृत्त होईल. म्हणजे वाटणी नीट आखण्याइतका अवधी आहे. वाया घालविण्याइतका मात्र नाही.

तेव्हा यापुढे कोणी ‘हे सारे थोतांड आहे’ असे म्हणाला, तर श्रोतेहो, त्याच्यावर एकदम तुटून पडू नका. त्याला विचारा : तुमची शंका मोजमापाची आहे की खर्चाची? मोजमापाची असेल तर मौना लोआच्या नोंदी त्याच्यापुढे ठेवा. खर्चाची असेल तर त्याच्याजवळ बसा, आणि त्याच्या शेगडीचे दहापैकी सात भाग कोण देणार, याचा हिशेब त्याच्याबरोबर करा. हा हिशेब टाळून जे सत्य सांगितले जाते, ते ऐकणाऱ्याला दुसऱ्याचा कावाच वाटत राहते.