दक्षिणेचें धन कोणास द्यावें?

दान द्यावें, याविषयीं आपल्या समाजांत दुमत नाहीं. दुमत आहे तें कोणास द्यावें, याविषयीं. शाळेची इमारत, रुग्णालयांतील खाटा, देवळाचा जीर्णोद्धार, दुष्काळनिधि, गरीब विद्यार्थ्यांचें वसतिगृह, अशा नाना मागण्या एकाच महिन्यांत एका गृहस्थाच्या दारीं येतात. प्रत्येक कार्य चांगलें, आणि थैली मात्र एकच! ही अडचण केवळ गृहस्थाची नव्हे. ती एकदां राज्यकर्त्यांसही पडली होती. आणि तिचा निकाल लागतांना पुण्यांत जो वाद झाला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

सेनापति खंडेराव दाभाडे हे तळेगांवीं श्रावणमासांत ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत असत. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले, आणि त्यानंतर ती प्रथा पहिल्या बाजीरावानें पुण्यांत चालविली. दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण पुण्यास येऊं लागले. विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांस योग्यतेनुसार अधिक द्रव्य मिळे, आणि इतरांस पर्वतीच्या पायथ्याशीं असलेल्या रमण्यांत दक्षिणा मिळे. विद्येचा सत्कार हा या दानाचा मूळ हेतु. परंतु रमण्यांतील गर्दी वाढत गेली, तसतसा तो हेतु मागें पडला. विद्या कोणती आणि तिचा समाजास उपयोग काय, हें विचारण्याचें कारण कोणास उरलें नाहीं. जन्म हीच पुरेशी पात्रता ठरली.

पेशव्यांच्या स्वातंत्र्याचा शेवट वसईस झाला असें म्हटलें तरी चालेल. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें तेथें इंग्रजांशीं तह केला, आणि १८१८ सालीं पेशवाई संपली. राज्याबरोबर दक्षिणेचा प्रश्नही इंग्रजांच्या हातीं आला. एल्फिन्स्टन हा धोरणी पुरुष. दक्षिणा एकाएकीं बंद केल्यास जनमन दुखावेल हें ओळखून त्यानें ती मर्यादित केली. वर्षाकांठीं सुमारें ५० हजार रुपये एवढी तिची रक्कम ठरली, आणि तिच्याच एका भागावर १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. पुढें दक्षिणेच्या यादींत नवीं नांवें घालणें बंद झालें. जुने दक्षिणाधारी कालवश होत, तशी रक्कम शिल्लक राही. त्या शिलकेचें काय करावें, हा खरा प्रश्न आतां उभा राहिला.

१८४९ सालीं पुण्यांतील कांहीं सुशिक्षित तरुणांनीं सरकारकडे अर्ज केला. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख हे त्यांत प्रमुख होते. दक्षिणेच्या रकमेचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस बक्षिसादाखल द्यावा, आणि त्या बक्षिसास कोणत्याही जातीच्या ग्रंथकारानें पात्र असावें, अशी त्यांची मागणी होती. आज ती अगदीं साधी वाटते. त्या काळीं मात्र शहरांत मोठा क्षोभ झाला. अर्जदारांस बहिष्काराचें भय घालण्यांत आलें. त्यांस उपद्रव होऊं नये म्हणून जोतीराव फुले यांनीं आपलीं माणसें त्यांच्या पाठीशीं उभीं केलीं, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. अर्ज मान्य झाला, आणि १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

त्या बदलाचीं फळें थोडीं नव्हतीं. मराठी गद्यग्रंथांस आश्रय मिळाला. जोतीरावांच्या मुलींच्या शाळेसही याच निधींतून दरमहा ७५ रुपये मिळूं लागले. पुढें महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊं लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकींच. जें द्रव्य एका दिवसाच्या वांटपांत संपून जात असे, त्यावर आतां माणसें घडूं लागलीं.

परंतु येथेंच थांबलों, तर गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखी होईल. १८५५ सालीं जोतीरावांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहून याच कमिटीपुढें ठेविलें. धर्माच्या नांवाखालीं अज्ञ कुणब्याची होणारी फसवणूक त्यांत दाखविली होती. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. भट सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें जोतीरावांनीं मागाहून लिहिलें. त्यांच्या हयातींत तें नाटक छापलें गेलें नाहीं. दान घेण्याचा दरवाजा सर्वांस उघडा झाला होता. दान ठरविणाऱ्यांची बैठक मात्र तशीच राहिली होती. हेतु सुधारला, परंतु निवड करणारे हात बदलले नाहींत.

याच्या उलट बाजूचें एक उदाहरण पाहण्यासाठीं पुन्हां वसईकडे वळूं. तेथील किल्ल्याच्या उत्तरेस, भुईगांवासारख्या समुद्राकांठच्या गांवांच्या पट्ट्यांत, केळीच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या संसार चालत आले. बागायतदारास हंगामापूर्वीं पैसा लागतो, आणि तो सावकाराकडून घेतला तर पिकाचा नफा व्याजांत जातो. अशा माणसांच्या हातावर भिक्षा घालणें सोपें होतें. मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस यांनीं तो मार्ग धरला नाहीं. ६ फेब्रुवारी १९१८ रोजीं त्यांनीं सहकारी पतपेढी काढली. तीच आज बॅसीन कॅथलिक बँक म्हणून ओळखली जाते. पतपेढी हें रूढ अर्थानें दान नव्हे, हें खरें. पण तेथें घेणारा हा सभासद असतो, आणि सभासदास मत असतें. रमण्यांतील याचकास तें नव्हतें, आणि दक्षिणा कमिटीपुढें हस्तलिखित ठेवणाऱ्या जोतीरावांसही तें नव्हतें.

म्हणून, श्रोतेहो, कोणती संस्था आपली मानावी हें ठरवितांना केवळ तिचा हेतु वाचून भागत नाहीं. हेतु तर रमण्याचाही उदात्त होता. पावतीपुस्तक घेऊन कोणी दारीं आला, तर त्याच्याकडे कार्यकारी मंडळाची यादी अवश्य मागावी. ज्यांच्यासाठीं तें कार्य चाललें आहे, त्यांच्यापैकीं कोणी त्या यादींत आहे काय, एवढें पाहावें. आणि मग थैलीचें तोंड सोडावें.