'उरलेल्यां'चा हंगाम : मुंबई, १९४३

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये बहुतेक संघ 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत बांधलेले असतात. जो कोणत्याच गटात नाही, तो 'इंडिपेंडंट', म्हणजे स्वतंत्र. नोत्र दाम विद्यापीठाने फुटबॉलमधील हे गटाबाहेरचे स्थान अभिमानाने जपले. आपल्याकडच्या क्रिकेटमध्येही गटाबाहेरचा एक संघ होता. मात्र ते स्थान त्याने स्वतः निवडलेले नव्हते. आजचा थ्रेड त्या संघाच्या एका हंगामाविषयी.

मुंबईच्या क्रिकेटमधले गट धर्म आणि वंश यांवर उभे होते. आरंभी युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. १९०७ साली हिंदू आले, स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुस्लिम आले, ती चौरंगी झाली. या चौकटीत ज्यांना जागाच नव्हती, त्या भारतीय ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन इत्यादी खेळाडूंसाठी १९३७ साली पाचवा संघ निघाला आणि पंचरंगी सामने सुरू झाले. संघाचे नाव काय, तर 'द रेस्ट'. शब्दशः, उरलेले!

(आमच्या घोटीत गल्लीतला डाव मांडताना दोन्ही कप्तानांनी पोरे वाटून घेतल्यावर जी दोघे-तिघे उभी राहतात, त्यांना या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.)

त्या पहिल्याच वर्षी नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममधील आसनांच्या वाटपावरून रुसून हिंदू संघ स्पर्धेबाहेर राहिला. १९४० च्या डिसेंबरात वर्ध्याला भेटावयास आलेल्या हिंदू जिमखान्याच्या शिष्टमंडळाला गांधीजींनी खेळातील ही जातीय विभागणी आपणांस मान्य नसल्याचे सांगितले. १९४२ साली स्पर्धा झालीच नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा भरली, तेव्हा 'रेस्ट'कडे विजय हजारे होते. सांगलीत जन्मलेले, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले.

स्पर्धेतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येचा मान तोवर विजय मर्चंट यांच्या २४३ धावांकडे होता. हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ काढून तो हिरावून घेतला. अंतिम सामन्यात 'रेस्ट'समोर हिंदू उभे ठाकले, आणि मर्चंट यांनी नाबाद २५० काढून मान परत मिळवला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. 'रेस्ट'चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांतल्या ५९ हजारे यांच्या.

दुसरा डाव मात्र सावकाश वाचावा असा आहे. निम्मा संघ ६० धावांत परतला होता. तेव्हा विजय यांच्या जोडीला त्यांचे धाकटे बंधू विवेक आले. सहाव्या विकेटसाठी दोघांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा! धावफलकावर हा आकडा केविलवाणा दिसतो. माझ्या मते मात्र संपूर्ण सामन्यात त्याहून निःस्वार्थी खेळी दुसरी नाही. एक भाऊ खेळत राहिला, दुसरा नुसता उभा राहिला. संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी ३०९ विजय हजारे यांच्या होत्या, म्हणजे जवळजवळ ८० टक्के. पूर्ण झालेल्या डावातला एकाच फलंदाजाचा एवढा वाटा प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये १९७७ साली ग्लेन टर्नर यांनीच ओलांडला.

तरीही 'रेस्ट' एक डाव आणि ६१ धावांनी हरले. पंचरंगी सामन्यांचे विजेतेपद त्यांना कधीच लाभले नाही.

१९४६ च्या जानेवारीनंतर ही स्पर्धा पुन्हा भरली नाही. पुढे जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत हजारे यांनी शतके काढली. आणि १९५२ साली मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने कसोटीतला आपला पहिला विजय मिळवला, तेव्हा संघाचे कर्णधार तेच होते.