गांवाची निशाणी

युरोपांत बाराव्या शतकाच्या सुमारास सरदारांच्या ढालींवर कुलचिन्हें दिसूं लागलीं. पुढें नगरांनीं आणि खेड्यांनींहि तीं धारण केलीं. आपल्याकडील खेड्याला असें एकच चितारलेलें चिन्ह नव्हतें. तथापि गांवाची म्हणून कांहीं मुद्रा होतीच; ती पाहावयाची तर वतनाच्या तंट्यांतील जुने महजर उलगडले पाहिजेत.

महजर म्हणजे गोतसभेचें निर्णयपत्र. त्यावर गांवचे वतनदार व बलुतेदार साक्ष घालीत. कुलकर्णी अक्षर लिही. बाकीच्यांपैकीं बहुतेकांस लिहितां येत नसे. म्हणून जो तो नांवापुढें आपल्या धंद्याचें साधन रेखाटी. पाटलाचा नांगर, शेट्याची तराजू, आणि सुतार, लोहार, चांभार यांचीं आपापलीं हत्यारें. छापील संग्रहांत आज पुष्कळदां ‘निशाणी नांगर’ एवढेच शब्द आढळतात. मूळ कागदावर मात्र आंखलेली आकृति असते. पुणें येथें १९१० सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानें असे कागद मोठ्या कष्टानें जतन केले.

हा केवळ निरक्षरतेवरील तोडगा होता काय? तसें म्हणतां येत नाहीं. पाटीलकी भावांत विभागली किंवा निमी विकली, म्हणजे होळीची पोळी व पोळ्याचे बैल यांच्या अग्रमानाबरोबर नांगर कोणीं करावा, हेंहि ठरवून घेत. निशाणी करणें हा वतनाचा हक्कच होता.

सिंह किंवा गरुड यांऐवजीं नांगर व हातोडा मिरविणारी ही मुद्रा पाहून अभिमान वाटणें साहजिक आहे. परंतु हत्यार जन्मानें ठरत होतें, हें विसरतां कामा नये. महारासहि गोतांत स्थान होतें, शिवेच्या वादांत त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई; तरी त्याची वस्ती गांवकुसाबाहेरच राहिली. महार वतन ही मानाची नव्हे, वेठीची सांखळी आहे, हें ओळखून डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें. पुढें १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांववतनें आणि १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटीलकी संपली.

त्या महजरावर सर्वांस जागा होती, पण ती निवडण्याचा अधिकार कोणासच नव्हता. गांवाचा इतिहास लिहिणाऱ्यानें या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या पाहिजेत.