फायरक्रॅकर पेनस्टेमन

फायरक्रॅकर पेनस्टेमन (शास्त्रीय नाव: पेनस्टेमन ईटोनी) ही पश्चिम अमेरिकेतील युटा, नेवाडा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया आदी राज्यांच्या कोरड्या प्रदेशात आढळणारी बहुवर्षायू रानवनस्पती आहे. फटाक्यासारख्या लालभडक फुलांवरून तिला हे नाव मिळाले. शास्त्रीय नावातील ‘ईटोनी’ हा शब्द अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ डॅनियल केडी ईटन यांच्या सन्मानार्थ आहे. इसबगोल ज्या कुळात मोडते, त्याच प्लँटॅजिनेसी कुळात हिचाही समावेश होतो.

वर्णन

पहिल्या वर्षी जमिनीलगत केवळ पानांचा झुबका दिसतो; फुलांचे दांडे बहुधा दुसऱ्या वर्षी येतात. त्यांची उंची ३० ते १०० सेंटिमीटर असते. सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची नळीसारखी फुले दांड्याच्या एका बाजूस झुकलेली असतात. पेनस्टेमनच्या अनेक प्रजातींत फुलाचे मुख रुंद असून खालची पाकळी मधमाशीला उतरण्यास ओट्यासारखी उपयोगी पडते. या प्रजातीत नळी अरुंद असून मुख फारसे उघडत नाही. हवेत एका जागी तरंगत मध पिणाऱ्या हमिंगबर्डला मात्र ओट्याची गरज नसते. तो चोच आत घालतो तेव्हा परागकण त्याच्या डोक्याला व चोचीला चिकटतात. (हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांत आढळतात, महाराष्ट्रात ज्यांना चुकून हमिंगबर्ड म्हटले जाते ते शिंजीर होत.)

लागवड

या वनस्पतीस दुष्काळापेक्षा माळ्याच्या अतिकाळजीचा धोका अधिक. भरपूर ऊन आणि पाण्याचा त्वरित निचरा होणारी वाळूमिश्रित वा खडकाळ जमीन तिला मानवते. शेणखत वा कंपोस्ट घातलेल्या सुपीक मातीत दांडे वाजवीपेक्षा वाढून आडवे होतात व झाडाचे आयुष्य घटते. रोप रुजेपर्यंत बेताचे पाणी द्यावे, पुढे ते जवळजवळ बंद करावे. मातीत ओल टिकून राहिल्यास मुळे कुजतात.

बियांना थंडी व ओल मिळाल्याखेरीज त्या सहसा उगवत नाहीत. म्हणून शरद ऋतूच्या अखेरीस त्या बाहेरच उथळ पेरतात, किंवा ओलसर वाळूत मिसळून आठ ते बारा आठवडे शीतकपाटात ठेवतात. झाड बहुवर्षायू असले तरी अल्पायुषी असते. त्यामुळे फुले ओसरताच सगळे दांडे छाटणे योग्य नाही. काही दांड्यांवरील बोंडे वाळून फुटू दिल्यास आसपास आपोआप नवी रोपे उगवतात.