गॅडोलिनियमयुक्त विभेदक द्रव्ये व वृक्कविकार

चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाच्या (एमआरआय तपासणीच्या) वेळी रक्तवाहिन्या, अर्बुदे व शोथ झालेले भाग शेजारच्या ऊतकांपासून वेगळे दिसावेत म्हणून शिरेतून जी द्रव्ये देतात, त्यांना विभेदक द्रव्ये म्हणतात. त्यांपैकी बहुतेकांत गॅडोलिनियम (अणुक्रमांक ६४) हे विरल मृत्तिका गटातील मूलद्रव्य असते. त्याच्या सात अयुग्मित इलेक्ट्रॉनांमुळे जवळच्या पाण्यातील हायड्रोजन अणुकेंद्रांचे शिथिलन जलद होऊन तो भाग उजळ दिसतो. मुक्त गॅडोलिनियम आयन विषारी असल्याने तो कार्बनी रेणूने जखडलेला असतो. हा रेणू काही द्रव्यांत उघड्या साखळीसारखा (रेखीय), तर काहींत बंद कड्यासारखा (वलयी) असतो. वलयी बंध अधिक टिकाऊ असतो.

गॅडोपेंटेटेट या रेखीय द्रव्यास अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली, तर गॅडोटेरेट हे वलयी द्रव्य फ्रान्समध्ये १९८९ पासून वापरात आले. क्ष-किरण तपासणीतील आयोडीनयुक्त द्रव्ये वृक्कांना (मूत्रपिंडांना) अपायकारक ठरू शकतात. त्यांच्या तुलनेने ही द्रव्ये निर्धोक मानली गेल्यामुळे, वृक्के निकामी झालेल्या रुग्णांनाच ती आवर्जून दिली जाऊ लागली. रक्तवाहिन्यांच्या चित्रणासाठी तर पुष्कळदा नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट मात्रा देत.

१९९७ पासून कॅलिफोर्नियात अपोहनावर (डायालिसिसवर) असलेल्या किंवा वृक्क-प्रतिरोपण झालेल्या काही रुग्णांची हातापायांची त्वचा जाड व कठीण होऊन सांधे आखडू लागल्याचे आढळले. शॉन काउपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकात अशा १५ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे स्नायू, हृदय व फुप्फुसे यांतही तंतुमय ऊतक वाढत असल्याचे दिसल्यावर या विकारास ‘वृक्कजन्य सर्वदेही तंतुमयता’ या अर्थाचे नाव मिळाले. तथापि कारण अज्ञातच राहिले. २००६ मध्ये ऑस्ट्रियातील टोमास ग्रोबनर यांनी या विकाराचा गॅडोलिनियमशी संबंध दाखविला. त्याच वर्षी डेन्मार्कमधील पेटर मार्कमान व सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या १३ रुग्णांपैकी प्रत्येकास गॅडोडायामाइड हे रेखीय द्रव्य दिलेले होते.

निरोगी व्यक्तीच्या शरीरातील अशा द्रव्याचे प्रमाण सुमारे दीड तासात निम्मे होते. वृक्के निकामी असल्यास त्यास ३० तास किंवा अधिक लागतात. या दीर्घ काळात कमकुवत बंधातून आयन सुटून ऊतकांत साचतो व तंतुनिर्मितीस चालना देतो, असे मानतात. म्हणजे द्रव्याची निर्धोकता त्याच्या बंधाइतकीच रुग्णाच्या उत्सर्जनशक्तीवरही अवलंबून असते. विकारावर खात्रीशीर उपचार नसल्याने प्रतिबंधास महत्त्व आले.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये ठळक इशारा छापण्यास सांगितले. २०१० मध्ये, वृक्कांचे कार्य एकाएकी बंद पडलेल्या किंवा गाळणवेग मिनिटास ३० मिलि.हून कमी असलेल्या रुग्णांसाठी गॅडोपेंटेटेट, गॅडोडायामाइड व गॅडोव्हर्सेटामाइड ही द्रव्ये निषिद्ध ठरविण्यात आली. त्यानंतर नवे रुग्ण अत्यंत विरळ झाले. मात्र धास्तीपोटी अनेक वृक्करुग्णांना आवश्यक तपासणी नाकारली जाऊ लागली व त्यामुळे निदानास विलंब होऊ लागला. म्हणून अमेरिकेतील क्ष-किरणतज्ञ व वृक्कविकारतज्ञ यांच्या संस्थांनी २०२१ मध्ये संयुक्त निवेदन काढले. अधिक टिकाऊ द्रव्यांपासूनचा धोका इतका अल्प आहे, की तपासणी खरोखर गरजेची असल्यास ती टाळू नये, असे त्यात म्हटले आहे.