जिभेच्या मुळाशी ‘काटे’ का असतात? (थ्रेड)

अमरावती-अकोल्याकडे ज्या घरात खर्रा खाल्ला जातो, तेथे भीती पुष्कळदा आरशातून येते. जीभ पूर्ण बाहेर काढावी, घशाजवळ गोल उंचवट्यांची रांग दिसावी आणि मनात एकच शब्द यावा : कर्करोग. भीती निराधार नाही. तिची जागा मात्र बहुधा चुकलेली असते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात जिभेचे पाच रोग सांगितले आहेत. त्यांतले तीन ‘कंटक’ या नावाचे. कफजन्य कंटकात जीभ जड होते आणि तिच्यावर शाल्मलीच्या काट्यांसारखे मांसांकुर येतात, असे वर्णन आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर, मेळघाटात लाल फुलांनी पेटणारी. तिच्या खोडावरचे बुडाशी जाड असलेले काटे ज्याने पाहिले, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. पण हे वर्णन रोगाचे आहे. निरोगी जिभेवरची रांग निराळी.

१६६५ मध्ये इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीने बैलाची जीभ उकळून तिचे आवरण सोलले व आतले अंकुर तपासले. त्याच वर्षी लोरेन्झो बेल्लिनीनेही हे अंकुर चवीचे इंद्रिय असल्याचे मांडले. पुढे दोनशे वर्षांनी, १८६७ मध्ये, लोव्हेन आणि श्वाल्बे यांनी स्वतंत्रपणे स्वादकलिका शोधल्या.

मुळाशी दिसणारे मोठे अंकुर साधारण ८ ते १२ असतात; इंग्रजी ‘व्ही’सारखे मांडलेले, टोक घशाकडे. प्रत्येकाभोवती खंदक, खंदकापलीकडे कडा. लॅटिन नावातही ‘तट’ आहे. गाविलगड-नरनाळ्यावर भटकणाऱ्यांना ते लगेच पटेल! स्वादकलिका या खंदकाच्या भिंतींत असतात आणि तळाच्या ग्रंथी तो धूत राहतात, म्हणजे नव्या घासाची चव नव्याने कळते.

दोन्ही बाजूंना सारखे, न दुखणारे, वर्षानुवर्षे तसेच राहणारे हे उंचवटे शरीररचनेचा भाग आहेत. एकाच बाजूची कठीण गाठ, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड, यांपैकी काही आढळले तर मात्र दंतवैद्य गाठावा. खर्रा खाणाऱ्याने जिभेच्या कडा आणि गालांची आतली बाजूही पाहावी. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. पानठेल्यांवर खर्रा आजही घोटला जातो.